वॉर्डसाठी टॅब निवडताय? आधी एवढं बघा

सिस्टर, खाटेपाशी रुग्णांच्या नोंदी करायला कुठला टॅब घ्यायचा, ही निवड तुमच्याकडे आली हे बरंच झालं. नाहीतर आयटी आणि परचेसवाले आपसात उरकून टाकतात. रॅम, कॅमेरा वगैरे आकडे सध्या बाजूला ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुसणं. उपकरण खाटेखाटेला फिरणार, म्हणजे दिवसभर जंतुनाशकाने पुसलं जाणार. घरगुती टॅब त्यासाठी बनवलेला नसतो, आणि जाड रबरी कव्हरच्या खाचांत घाण बसते. आयपी६५ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आकडा धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापुरता, रसायनांबद्दल तो काहीच सांगत नाही. तुमच्याकडचे वाइप्स चालतील का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मग बॅटरी. ती ड्यूटीवर बदलता आली तर उत्तम. नसेल तर चार्जिंगची जागा आधी ठरवा.

नव्याने घेणारे हमखास चुकतात ते इथे:

- डेमो इन्चार्जच्या टेबलावर बघतात. वायफाय कोपऱ्यातल्या खाटेपाशी आणि चालता चालता तपासा.
- सगळ्या कामांना एकच उपकरण घेतात. रुग्णाच्या मनगटपट्टीचा बारकोड स्कॅन करायला हातात मावणारं बरं, पण ॲडमिशनची लांबलचक नोंद त्यावर टाइप करणं म्हणजे शिक्षा. तिथे कीबोर्डवाली ट्रॉलीच हवी.
- लॉगिनला वेळ लागतो म्हणून सगळ्या एकाच नावाने शिरतात. मग डोस कोणी दिला, हे रेकॉर्डवरून कळतच नाही.

दोन-तीन नमुने मागवा आणि एकाच वॉर्डात नाइटसकट वापरा, ग्लोव्ह्ज घालूनसुद्धा. खाटेजवळचा मॉनिटर टॅबला जोडणं वगैरे नंतर बघू.