ब्रिटनमधल्या हाय स्ट्रीटवरची गाण्यांची दुकानं स्ट्रीमिंगमुळेच बंद पडली का?

तुम्ही सप्टेंबरमध्ये शिकायला इंग्लंडला जाताय आणि विचारताय की तिथल्या हाय स्ट्रीटवरची, म्हणजे गावाच्या मुख्य बाजारातली, सीडी-रेकॉर्डची दुकानं स्ट्रीमिंगने संपवली का, आणि आता तिथे जाऊन अल्बम विकत घेण्यात काही अर्थ उरलाय का. मी २००४ ते २००६ तिथे शिकत होतो आणि दर शनिवारी अशाच एका छोट्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. स्ट्रीमिंग आलं तेव्हा बरीच पडझड होऊन गेली होती.

नुसत्या तारखा बघा. रेकॉर्डच्या दुकानांची साखळी अँडीज रेकॉर्ड्स २००३ मध्ये गेली. एके काळी ३०० च्या वर शाखा असलेली दुसरी साखळी, अवर प्राइस, २००४ मध्ये गेली. तिसरी, फॉप, २००७ च्या जूनमध्ये कोसळली, तिच्या काही शाखा एचएमव्ही या दुकानांच्या मोठ्या साखळीने वाचवल्या. मग वूलवर्थ्स. ते खरं तर सगळ्याच वस्तूंचं दुकान, पण लहान गावांतली कितीतरी मुलं आयुष्यातली पहिली रेकॉर्ड तिथूनच घ्यायची. ६ जानेवारी २००९ ला त्याच्या शेवटच्या शाखांना टाळं लागलं. एकूण ८०७ दुकानं आणि सुमारे २७,००० नोकऱ्या गेल्या. वूलवर्थ्सच्याच समूहातली एक कंपनी इतरांना सीडी पुरवायची. तिच्यावर विसंबलेल्या झावीचं, म्हणजे आधीच्या व्हर्जिन मेगास्टोअर्सचं, २००८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दिवाळं वाजलं. आणि स्पॉटिफाय ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं ते त्यानंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये.

फुकट डाउनलोडचं म्हणाल, तर नॅप्स्टर १९९९ पासून होतं. तरी ब्रिटनमध्ये सीडी अल्बमची विक्री २००४ मध्ये शिखरावर होती, वर्षाला १६ कोटींच्या वर. म्हणजे लोक सीडी घेत होते. फक्त आमच्याकडून घेत नव्हते.

यासाठी त्या धंद्याचं गणित समजून घ्यायला हवं. दुकान चालायचं ते खपाच्या तक्त्यात पहिल्या ४० मध्ये असलेल्या अल्बमवर. तेव्हा तिकडे नवे अल्बम सोमवारी यायचे, आणि सोमवार ते शनिवार त्या मोजक्या अल्बमवर गल्ला भरायचा. त्या पैशावर मागच्या रॅकमधला माल पोसला जायचा: जुनं जॅझ, लोकसंगीत, कुणीतरी वर्षातून एकदा मागेल असं काहीतरी. आमच्याकडे प्रत्येक सीडीमागे एक जाड कार्ड खोचलेलं असायचं. सीडी विकली की कार्डावर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि ते काउंटरखालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. संध्याकाळी मालक डबा रिकामा करून ऑर्डर लिहायला बसत. एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संगीताच्या, संचाचं कार्ड मला अजून दिसतं: सहा वर्षांत चार तारखा, चारही वेगवेगळ्या पेन्सिलींच्या. मी विचारलं, हा संच पुन्हा कशाला मागवायचा? ते म्हणाले, तो मागणारा माणूस बाकीच्या सगळ्या गोष्टीही इथूनच नेतो. आणि त्यांनी संच मागवला.

सुपरमार्केटनी नेमका तो पुढचा माल उचलला. टेस्को, अ‍ॅस्डा यांना ४० अल्बम ठेवायला दोन फळ्या पुरायच्या, आणि गिऱ्हाईक आत यावं म्हणून ते तोटा सोसूनही विकू शकायचे. एका सोमवारी मालकांनी मला रोख पैसे देऊन जवळच्या सुपरमार्केटमध्ये पाठवलं. त्या आठवड्याच्या सगळ्यात मोठ्या अल्बमच्या वीस प्रती आणायच्या होत्या. आम्हाला घाऊक भावात तो जितक्याला मिळत होता, त्यापेक्षा तिथे किरकोळीत स्वस्त होता. पिशवी घेऊन परत आलो, वीसही सीडींवरची सुपरमार्केटची किमतीची लेबलं नखाने खरवडून काढली आणि आमची लावली. मालक शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. हे दुकान फार दिवस चालणार नाही हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा घाव करातून बसला, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. जर्सी आणि गर्न्सी ही ब्रिटनच्या राजमुकुटाखालची बेटं, पण व्हॅटच्या हद्दीबाहेरची. १८ पौंडांपर्यंतची वस्तू बाहेरून आली तर तिच्यावर व्हॅट माफ होता. ही सवलत कागदोपत्री कटकट वाचवण्यासाठी होती. पण सीडीची किंमत बरोबर या मर्यादेत बसते. मग प्लेडॉटकॉमसारख्या कंपन्यांनी बेटांवर गोदामं उघडली आणि इंग्लंडमधल्याच गिऱ्हाइकांना तिथून पोस्टाने सीडी धाडायला सुरुवात केली. आम्ही प्रत्येक सीडीवर साडेसतरा टक्के कर भरायचा, त्यांनी शून्य. एचएमव्हीनेही आपला ऑनलाइन धंदा गर्न्सीतून चालवला. ही पळवाट १ एप्रिल २०१२ ला बुजवली. तोवर आमच्यासारखी किती दुकानं उठली असतील! राग येतो तो याचाच. हा काळाचा महिमा नव्हता, एक नियम वेळेवर बदलला नाही एवढंच झालं.

वर मुख्य बाजारातलं भाडं आणि स्थानिक कर होतेच. आणि रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. दोन चांगल्या गाण्यांसाठी १३-१४ पौंडांचा आख्खा अल्बम गळ्यात मारायची त्यांना सवय लागली होती. जून २००४ मध्ये आयट्यून्सने तेच एक गाणं ७९ पेन्सला सुटं विकायला काढल्यावर लोक तिकडे वळले, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण दुकानाबरोबर जे गेलं त्याची किंमत कुठल्याच हिशेबात आली नाही. ब्रिटनचा पहिला लोकप्रिय गाण्यांचा तक्ता नोव्हेंबर १९५२ मध्ये छापून आला, तो सुमारे २० दुकानांना फोन करून, काय खपलं ते विचारून बनवलेला होता. बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन स्वतः लिव्हरपूलमध्ये घरचं रेकॉर्डचं दुकान सांभाळायचा. फेब्रुवारी १९६२ मध्ये तो लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीत बीटल्सच्या टेपवरून डिस्क करून घ्यायला गेला, ती गाणी तिथल्या तंत्रज्ञाच्या कानावर पडली, त्याने वरच्या मजल्यावरच्या संगीत प्रकाशकाशी भेट घालून दिली, आणि त्या ओळखीतून पुढे जॉर्ज मार्टिनपर्यंत, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड ज्याने घडवल्या त्या निर्मात्यापर्यंत, वाट निघाली. (आपल्याकडे एचएमव्ही म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. तिथे ते दुकानाचंही नाव, चित्र तेच, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा.) दुकानातल्या एका माणसाचे कान असे कामाला येतात. आमचे मालक गिऱ्हाइकाच्या हातातली सीडी बघून सांगायचे, ही नको, याच गायिकेची आधीची घ्या, आणि स्वस्तातली सीडी विकायचे. मी त्यांच्यामुळेच आख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत न थांबता ऐकायला शिकलो. पाचवं गाणं पहिल्यांदा कंटाळवाणं वाटतं आणि दहाव्या वेळी तेच सगळ्यात जवळचं होतं, हा अनुभव ज्याने पैसे मोजून अल्बम घेतलाय त्याला हमखास येतो, कारण त्याच्याकडे ऐकायला दुसरं काही नसतं.

आता आजचं चित्र. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सीडी विकल्या गेल्या जेमतेम १ कोटी. पण रेकॉर्ड, म्हणजे व्हायनल, ६७ लाखांच्या आसपास. २००७ मध्ये हाच आकडा २ लाखांच्या घरात होता. महागाई मोजायच्या सरकारी यादीतही २०२४ मध्ये रेकॉर्ड परत आली, १९९२ नंतर पहिल्यांदाच. एचएमव्ही २०१३ आणि २०१८ मध्ये दोनदा कोलमडलं, एका कॅनेडियन व्यावसायिकाने ते घेतलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ३६३ ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्याच जागेत परत उघडलं जिथे १९२१ मध्ये सुरू झालं होतं. मला याचा आनंद आहे. मात्र नवी रेकॉर्ड २५-३० पौंडांना पडते, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ती झेपत नाही हेही खरं.

म्हणून तुम्ही सीडी घ्या, तीही सेकंडहँड. धर्मादाय संस्थांच्या दुकानांत एक-दोन पौंडांत मिळते. घेताना डबी उघडून डिस्क दिव्याखाली तिरकी धरा: कडेपासून मध्याकडे गेलेला ओरखडा बहुतेक वेळा चालतो, गोल फिरलेला ओरखडा गाणं अडकवतो. कार्डिफला गेलात तर स्पिलर्समध्ये नक्की जा. १८९४ पासूनचं ते दुकान जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून ओळखलं जातं. लंडनमध्ये ब्रिक लेनजवळ रफ ट्रेड ईस्ट आहे. शनिवारी मात्र जाऊ नका. मंगळवारी दुपारी जा, काउंटरवरच्या माणसाला तुम्हाला काय आवडतं ते सांगा आणि तो काय हातात देतो ते बघा.