'सु कासा' म्हणजे नेमकं कोणाचं घर?

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमध्ये 'सु कासा' म्हणजे त्याचं घर, तिचं, त्यांचं आणि तुमचंही. मग कळायचं कसं? आणि मालक अनेक असतील तर 'सुस' म्हणायचं का?

दुसरं आधी. नाही. 'सुस कासास' म्हटलं की घरं अनेक झाली. मालक एक असो की दहा. आपलं 'माझा भाऊ, माझी बहीण' जसं पुढच्या नामावरून ठरतं, तसंच. फक्त 'मी' (हो, तिथे 'मी' म्हणजे 'माझा', पचायला वेळ लागतो), 'तु' (तुझा), 'सु' ही रूपं वचनाने बदलतात, लिंगाने नाही. लिंग दिसतं ते 'न्वेस्त्रो-न्वेस्त्रा'मध्ये (आमचा-आमची) आणि नामाच्या आधी न येणाऱ्या 'मिओ-मिआ'मध्ये (माझा-माझी). 'एस्ता कासा एस मिआ', हे घर माझं आहे. कासा स्त्रीलिंगी, म्हणून बोलणारा बाप्या असला तरी 'मिआ'च.

आता 'सु'. याचा लॅटिन पूर्वज 'सुउस', आपल्या संस्कृत 'स्व'चा भाऊबंद. त्याचा अर्थ 'स्वतःचा' एवढाच होता. दुसऱ्या कोणाचा असेल तर लॅटिनमध्ये 'एयुस' हा वेगळा शब्द. म्हणजे 'राम आपल्या घरी गेला' आणि 'राम त्याच्या घरी गेला' यांतला फरक रोमनांनाही ठाऊक होता. स्पॅनिशने 'एयुस' टाकून दिला आणि सगळा भार एकट्या 'सु'वर पडला.

त्यात 'तुमचं' कुठून आलं? आदरार्थी 'उस्तेद' (तुम्ही) हा 'ब्वेस्त्रा मेर्सेद' (आपली कृपा) याचा झिजून झालेला अवतार. 'महाराजांनी बसावं' म्हणतो तशी तृतीयपुरुषी अदब. म्हणून षष्ठीही तृतीयपुरुषी. आपल्या 'आपला'नेही हाच उद्योग केला आहे, स्वतःचाही तोच आणि 'आपलं नाव काय?'मधलाही तोच. मला ही जोडी फार आवडते.

बहुतेक वेळा संदर्भाने भागतं. घोटाळा होतोय असं वाटलं तर 'ला कासा दे एया' म्हणावं, तिचं घर.

एक मात्र सांभाळा. अवयवांपुढे इंग्रजीच्या सवयीने 'माझं' लावू नका. डोकं दुखत असेल तर 'मे द्वेले ला काबेसा', हात धुतले तर 'मे लावो लास मानोस'. आपण तरी कुठे 'मी माझे हात धुतो' म्हणतो?