आधारची प्रत कियोस्कवर, ईमेल भाच्याच्या नंबरावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून इंदूरला रामबागेत राहते. समग्र आयडीच्या (मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकाच्या) ई-केवायसीसाठी मागच्या महिन्यात घराजवळच्या कियोस्कवर गेले होते. तिथल्या मुलाने ‘आंटीजी, आधार व्हॉट्सअ‍ॅप कर दो’ असे सांगितले, म्हणून मी ते पाठवले. त्याने ते संगणकावर उघडले तेव्हा पडद्यावर आणखी कितीतरी लोकांची आधार कार्डे ओळीने दिसली आणि त्यांत आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींचा फोटो मी ओळखला. तेव्हापासून मनाला चैन नाही. यजमान म्हणतात, “आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?” दुसरे असे की, माझा ईमेल काही वर्षांपूर्वी भाच्याने स्वतःच्या नंबरावर उघडून दिला होता आणि तो नंबर त्याने आता बंद केला आहे. मी काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्याला वाटणारी काळजी अगदी रास्त आहे. मंगळसूत्र गाठवायला सराफ्यात दिले, तर ते कोणाच्या हाती दिले आणि परत कधी मिळणार, हे विचारूनच आपण दुकानाची पायरी उतरतो. त्यात लपवण्यासारखे काहीच नसते, पण वस्तू आपली असते. ओळखीच्या कागदांचेही तसेच आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, हे यजमानांना अवश्य सांगावे.

आता प्रत्यक्ष कामाचे. त्या कियोस्कवर पुन्हा जाऊन आपली प्रत व्हॉट्सअ‍ॅपमधून, डाउनलोड्सच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही आपल्यासमोर पुसून घ्यावी. केवळ आपल्या फोनवरून संदेश काढून टाकल्याने संगणकावर उतरलेली प्रत जात नाही. फाइलला पासवर्ड आहे, यावरही विसंबू नये; ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला ओळखणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. पुढच्या वेळी जिथे केवळ ओळख पटवायची असेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. समग्रच्या ई-केवायसीला पूर्ण क्रमांक लागतो हे खरे, परंतु ते काम पोर्टलवर ओटीपीच्या आधारे घरबसल्याही होते.

याहून महत्त्वाची गोष्ट बोटांच्या ठशांची आहे. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून अशा रीतीने खाती रिकामी केल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. म्हणून आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून बायोमेट्रिक्स आजच लॉक करावे आणि गरजेपुरतेच उघडावे. तिथेच गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे कुठे पडताळले गेले, त्याची यादीही दिसते. ती एकदा चष्मा लावून सावकाश वाचावी.

ईमेलचे काम मात्र एक दिवसही लांबवू नये. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि मग आपल्या ईमेलचा पासवर्ड बदलण्यासाठी लागणारा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हातात पडतो. ज्या फोनवर ईमेल अजून उघडा आहे, त्याच फोनवरून सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर आपला स्वतःचा घालावा, त्यानंतर पासवर्ड बदलावा. भाच्याने ते मायेपोटी केले होते, यात शंका नाही. तरीही किल्ली ज्याचे घर त्याच्याकडेच असावी. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत, हेही दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपण दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, तसेच संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते. म्हणजे इंदुरात राहूनही ती मराठीत मागण्याचा आपल्याला हक्क असेल. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली गेली आहे, त्यामुळे तूर्त कियोस्कवर स्वतः उभे राहून प्रत पुसून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रश्न : वडिलांचे नुकतेच निधन झाले. त्यांच्या मोबाइलचा रिचार्ज आता बंद करावा का?
— एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : एवढ्यात करू नये. पेन्शनचे खाते, गॅस, विमा, ईमेल यांपैकी काय काय त्या नंबराला जोडलेले आहे, याची यादी आधी भावंडांनी मिळून करावी. बँकेत मृत्युदाखला देऊन वारसाची नोंद करावी, आणि त्यांच्या नंबरावर ओटीपी मागवून पैसे काढण्याचा मोह हक्काचे पैसे असले तरी टाळावा, कारण पुढे भावंडांतच त्यावरून प्रश्न उभे राहतात. त्यांच्या फोनमधले फोटो आणि पत्रव्यवहार उतरवून घ्यावेत, व्हॉट्सअ‍ॅप खाते सेटिंगमधून रीतसर बंद करावे आणि त्यानंतरच कंपनीकडे दाखला देऊन सिम बंद करून घ्यावे.