२६/११ मधल्या मृतांसाठी, नातं नसताना, नाशिकच्या रामकुंडावर तर्पण करता येतं का?

हो, करता येतं, आणि त्यासाठी पितृपक्षातली चतुर्दशी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस, सर्वांत योग्य. शस्त्राने मारल्या गेलेल्यांची ती तिथी मानतात, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात बळी गेलेली १६६ माणसं गोळ्या-स्फोटांनीच गेली. नात्याची अट नाही: तर्पणविधीतच ‘येऽबान्धवा बान्धवा वा’ हा श्लोक परक्यांसाठी आहे. परक्या माणसाची आठवण विधीत धरून ठेवलेली असणं ही फार मोलाची गोष्ट वाटते.

दक्षिणेकडे तोंड, जानवं असल्यास उजव्या खांद्यावर, हातात दर्भ. काळे तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तीन वेळा सोडायचं. बोटांच्या टोकांवरून सोडलं तर ते देवतर्पण होतं; घाईत नेमकं हेच चुकतं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. गुरुजींना आधीच ‘फक्त तर्पण, पिंडदान नाही’ असं सांगा, कारण नावानिशी श्राद्ध हा त्या घरच्यांचा अधिकार आहे.

मात्र ज्यांचे वडील हयात आहेत ते परंपरेने तिळतर्पण करत नाहीत. त्यांनी त्या दिवशी अन्नदान करावं. आणि निघण्याआधी गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग चालू आहे का ते पाहा. पाणी दुतोंड्या मारुतीच्या (रामकुंडाजवळची, पुराची पातळी ओळखायची मूर्ती) कमरेपर्यंत असेल तर घाटावर उतरू नका, घरी ताम्हनात केलेलं तर्पणही चालतं.