दोघांत एकच दुर्बीण असेल तर पक्षी बघायला जाण्यात अर्थ आहे का?

आहे. आम्हाला तर एकच होती म्हणूनच जास्त मजा आली.

मागच्या रविवारी मी आणि माझा एक मित्र शहरातल्या खाडीकाठी गेलो होतो. त्याची पहिलीच वेळ. दुर्बीण माझी, ८ x ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. (१० पटीची घ्यायचा मोह होतो, पण हात जरा हलला की पक्षी नाचायला लागतो.) ठरलं असं: दुर्बीण ज्याच्या हातात, त्याने दिसेल ते बोलायचं. दुसऱ्याने नुसतं ऐकून ओळखायचं.

"पाठ तपकिरी, पोट पांढरं, दगडावर बसून शेपूट सारखी खालीवर करतोय." मी म्हटलं, तुतवार असणार, पंखाच्या पुढे छातीच्या बाजूला पांढरा पट्टा वर घुसलाय का बघ. घुसला होता.

मग माझी पाळी. समोर कुरव, म्हणजे सीगल. हिवाळ्यात त्यांचं एरवी गडद असलेलं डोकं पांढरं होतं, कानामागे तेवढा काळा डाग उरतो. मी डागाचं वर्णन करून मोकळा झालो, तर हा विचारतो, "डोळा कसा आहे?" मी बघितलाच नव्हता! आणि नेमका तोच महत्त्वाचा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा, पूर्ण वाढ झालेला असेल तर, डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्याचा गडद. इतकी वर्षं मी 'कुरव' म्हणून पुढे जात होतो.

ढोकरीला, म्हणजे त्या छोट्या तपकिरी बगळ्याला, दुर्बीण लागलीच नाही. चिखलात मातीचं ढेकूळ वाटत होती, उडाली तर पांढरीशुभ्र.

चूक एकच झाली. पूर्ण ओहोटीला पोचलो, त्यामुळे चिखलातले बाकीचे पक्षी लांब ठिपक्यांएवढे. भरतीच्या दोनेक तास आधी जा, पाणी चढतं तसे ते आपसूक काठाकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा गेल्या आठवड्याच्या वेळेवर विसंबू नका. तलाव किंवा नदी असेल तर हा प्रश्नच नाही, सकाळी लवकर जा आणि ऊन पाठीशी ठेवा.

आणि हो, दुर्बीण हातोहात फिरते तेव्हा दर वेळी धूसर दिसतं. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याच्या भिंगाशी एक फिरतं कडं असतं, ते दोघांच्या नजरेला वेगवेगळं लागतं. आम्ही पेनाने त्यावर दोन खुणा केल्या, एक त्याची, एक माझी.