तुमचे प्रश्न : त्रिपताकेत करंगळी का वाकते?

प्रश्न : माझी मुलगी टिळकवाडीत भरतनाट्यम शिकते. पताका (सगळी बोटं ताठ आणि जुळलेली, अंगठा वाकवलेला) ही मुद्रा नीट धरते, पण त्रिपताकेत, म्हणजे पताकेतली फक्त अनामिका वाकवायची असते तिथे, अनामिकेबरोबर करंगळीही वाकते. घरी ती दुसऱ्या हाताने करंगळी दाबून सराव करते. चालेल का? – एक आई, बेळगाव

उत्तर : नको. धरून ठेवलेली करंगळी आपणहून ताठ राहायला शिकत नाही. यात मुलीचा हलगर्जीपणा मात्र मुळीच नाही. पंजाच्या पाठीवर बोटं सरळ करणाऱ्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून अनामिका वाकली की शेजारची बोटंही ओढली जातात.

तिला हात उताणा करून टेबलावर ठेवायला सांगा, बोटांची पाठ टेबलाला टेकलेली. अंगठा वाकवून तर्जनीच्या कडेला. आता फक्त अनामिका मधल्या सांध्यातून वर घ्यायची, करंगळीचं नख टेबलावरून सुटू द्यायचं नाही. सुरुवातीला अनामिका अर्धीच वाकली तरी पुरे. आठ मात्रा धरायची, सोडायची; दोन्ही हातांनी पाच-पाच वेळा. दुखलं की थांबायचं, बोट ओढून वाकवायचं नाही. टेबलावर जमलं की मग हात हवेत.

हवेत गेल्यावर हमखास दोन चुका होतात. करंगळीकडे लक्ष गेलं की अंगठा सुटतो, आणि अनामिका तळहातापर्यंत मिटते. ती मधल्या सांध्यात काटकोनात दिसली पाहिजे. अडवू (पाय आणि हातांची मूळ हालचाल) तिसऱ्या काळात, म्हणजे सर्वात जलद लयीत गेला की हे सगळं पुन्हा बिघडतं. तेव्हा पहिल्या, संथ काळात परत या.

प्रश्न : त्रिपताका म्हणजे मुकुट, झाड, वज्र, दिवा, बाणसुद्धा. बघणाऱ्याला कळतं कसं? – खानापूर

उत्तर : नुसत्या बोटांवरून कळत नाहीच. हात कुठे आहे, कसा फिरतो आणि नजर कुठे आहे, यावर अर्थ ठरतो. डोक्याशी नेला की मुकुट. बोटं थरथरवत वर चढवला की ज्वाळा. मुलं हस्ताचे, म्हणजे मुद्रेचे, उपयोग श्लोकातून घडाघडा म्हणतात आणि नजर समोरच्या भिंतीवर असते. श्लोक पाठ करतानाच प्रत्येक उपयोग नजरेसकट करून बघावा.

प्रश्न : पुस्तकात असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) 24, वर्गात 28. खरे किती? – निपाणी

उत्तर : दोन्ही खरे. हे दोन जुने संस्कृत ग्रंथ: 24 नाट्यशास्त्रातले, 28 अभिनयदर्पणातले. भरतनाट्यमच्या वर्गात बहुधा अभिनयदर्पणच शिकवतात. तोंडी परीक्षेत आकड्याआधी ग्रंथाचं नाव सांगा.