शेजाऱ्याच्या पिशवीत डोकावण्याआधी
चिनी मालावर बहिष्कार घालायचं ठरवलंत, चांगलं केलंत. पण सोसायटीत कोणी तो पाळत नाही म्हणून त्याला देशद्रोही म्हणू नका.

आधी स्वतःच्या घरातल्या वस्तू तपासा. बारकोड ६९० ते ६९९ ने सुरू झाला की माल चिनी, ही समजूत चुकीची आहे. त्यावरून कंपनीने बारकोडची नोंदणी कुठे केली एवढंच कळतं. ८९० हा भारताचा आकडा असलेली वस्तूही बाहेर बनलेली असू शकते. वेष्टनावरचा मूळ देश वाचा, आयात मालावर तो छापणं बंधनकारक आहे. तेवढ्यानेही भागत नाही. भारतात जुळवलेल्या मोबाइलचे कितीतरी सुटे भाग चीनमधून येतात, अनेक औषधांचा कच्चा मालही तिथूनच. म्हणजे पूर्ण बहिष्कार तुम्हालाही जमणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर दिव्यांच्या चिनी माळा विकणाऱ्या फेरीवाल्याने माल आधीच पैसे मोजून भरलेला असतो. फटका कारखान्याआधी त्याला बसतो. त्याच्याशी वाद घालणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

कोणाला सांगायचंच असेल, तर एकच वस्तू निवडा. पर्यायाचं नाव, किंमत आणि दुकान सांगा. ‘परवडत नाही’ म्हणाले, तर विषय तिथेच सोडा.